देवाच्या झग्याची किनार

काते सणाच्या सकाळी टेकडीवरच्या विटांच्या तीन देवळांकडे चाम लोकांचा सगळा मुलूख लोटला होता. सगळे दर्शनाला निघाले होते, न्हुम म्हातारी मात्र चोरी पकडायला निघाली होती.

"आई, हळू चाल. देव कुठे पळून जात नाही," मागून तिची लेक लाई म्हणाली. डोक्यावर फळांचं ताट, त्यात ऊन असं की विटांवर भाकरी भाजावी.

"देव नाही जात. त्याचे कपडे जातात."

गेल्या महिन्यात बाजारात एक बाई बोलून गेली होती, की शहरात जुन्या वस्तूंच्या दुकानात चाम मागावरचा लाल झगा टांगलाय. तेव्हापासून न्हुमला अन्न गोड लागत नव्हतं. देवाचा लाल झगा तिच्या आईनं विणलेला, आणि त्याची किनार न्हुमनं, नऊ वर्षांची असताना. वर्षभर तो झगा डोंगरात रागलाय लोकांच्या घरी राहायचा आणि फक्त कातेला खाली यायचा. का, तर चाम जमात ही थोरली बहीण आणि रागलाय जमात धाकटी, आणि आईची चीजवस्तू धाकटीनंच सांभाळायची. ही रीत न्हुमला जन्मात पटली नव्हती. ती स्वतः थोरली. घर गेलं धाकट्या बहिणीकडे, सोनं तिच्याकडे, आईनं विणलेले कपडेही तिच्याकडेच.

"धाकट्यांच्या हातात दिलं की गेलंच समज," ती म्हणाली.

"मीही धाकटीच आहे, आई."

"म्हणून तर तुझ्यावर नजर असते."

गुडघ्यांपायी तीन वर्षं ती वर चढली नव्हती. झगा बदलायचा तर तीन वर्षं पुष्कळ झाली. पण खऱ्या झग्याची खूण तिच्याजवळ होती, आणि ती दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. किनारीच्या डाव्या टोकाला तिच्या हातून एक धागा सुटला होता. तांदळाच्या दाण्याएवढी फट. तेव्हा आईच्या लक्षात आलं नाही आणि न्हुमनं सांगितलं नाही. उलट साठ वर्षं ती गावभर सांगत आली होती, "माझ्या किनारीत चुकलेला एक धागा दाखवा, माग मोडून चुलीत घालते."

देवळाचं दार उघडलं. उंबऱ्याआतल्या दगडी नंदीसमोर लोकांनी गवताच्या जुड्या टाकल्या. आत जेमतेम दहा माणसांची जागा, मेणबत्त्यांचा धूर, कासवाच्या पाठीच्या सारंगीचे सूर. देवाला आंघोळ घालून झाली. मग बेन पुढे आली. डोंगरातली पन्नाशीची बाई, वस्त्रं तिच्याच घरी असायची. तिनं गाठोडं सोडलं आणि झगा थोरल्या पुजाऱ्यांच्या हाती दिला.

"थांबा," न्हुम म्हणाली. "किनार बघू दे. मीच विणलीय."

तिनं डावं टोक बोटांत धरलं. चाचपलं. पुन्हा चाचपलं. फट नव्हती.

"हा आपला झगा नाही."

सारंगी थांबली. "कशावरून, न्हुमताई?" पुजाऱ्यांनी विचारलं.

"माझा हात सांगतो."

"काय सांगतो?"

आता काय सांगायचं? खूण सांगावी, तर साठ वर्षांची फुशारकी धुळीला मिळते. तिनं टोक हातातून सोडलं नाही. पण दारातल्या माणसांना तेवढं पुरलं. कुणी म्हणालं, बेनची टोपली उघडा. कुणी म्हणालं, यंदापासून वस्त्रं खालीच ठेवू, डोंगरात नकोत.

बेनचा चेहरा उतरला होता. न्हुमनं तो पाहिला आणि मनात म्हणाली, चोराच्या मनात चांदणं.

"ताई, झगा तोच आहे," बेन म्हणाली. "पण मी एक गोष्ट लपवली. तीन वर्षांपूर्वी किनारीला कसरीच्या किड्यानं पाडलेलं भोक दिसलं. माझ्या घरात देवाच्या कपड्याला कसर लागली, हे कोणत्या तोंडानं सांगू? आमच्याकडचा धागा रंगवला आणि भरून काढलं."

"कसर लावली म्हणजे सांभाळलं नाहीच," दारातून आवाज आला. "काढून घ्या यांच्याकडून."

न्हुमनं किनार उलटी केली, मेणबत्तीजवळ नेली. नव्या धाग्याखाली तिचा तो सुटलेला धागा तसाच लोंबत होता, लहान बोटांनी ढिला सोडलेला. झगा आईचाच होता. आता नुसतं गप्प राहायचं. चूक कसरीच्या नावावर जाईल, नाव शाबूत राहील, आणि धाकटीकडची वस्तू थोरलीकडे येईल. जन्मभर हेच तर हवं होतं.

बेन खाली मान घालून उभी होती.

"कसर कसली घेऊन बसलात?" न्हुम म्हणाली. "कसर धागा कुरतडते. हा विणतानाच सुटलाय."

"कुणाच्या हातून?"

"नऊ वर्षांच्या एका पोरीच्या. बाहेर दोन बोकड झुंजत होते, ते बघत बसली होती."

पुजारी तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे साठ वर्षं तुम्ही..."

"साठ वर्षं खोटं बोलले. झालं समाधान? वस्त्रं जिथे राहतात तिथेच राहतील. आता देवाला कपडे घाला, केव्हाचा उघडा बसलाय."

बाहेर झाडाखाली लाईनं ताट उतरवलं. "मग आई, माग चुलीत कधी घालायचा?"

"आधी तुझी जीभ घालते."

बेन आली, थोडं अंतर राखून बसली. "ताई, माझा धागा उसवून टाकू का? तुझी खूण होती ती."

"राहू दे. धागा रंगवण्यासकट किती दिवस लागले?"

"अकरा."

"मला नऊ लागले असते." मग म्हणाली, "पण हात बरा आहे तुझा."

बेननं विडा पुढे केला. न्हुमनं तो हुंगला, उलगडून चुना पाहिला, सुपारी मोजली आणि मग तोंडात टाकला. चघळता चघळता तिचं तोंड एकदम थांबलं.

"देवाचा झगा इथे आहे, मग शहरातल्या दुकानात टांगलाय तो कुणाचा?"

"मला काय माहीत?" लाई म्हणाली.

आईनं विणलेले आणखी दोन लाल झगे होते. दोन्ही धाकट्या बहिणीच्या पेटीत.

"ऊठ," न्हुम गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. "जाताना तुझ्या मावशीच्या घरावरून जाऊ."