पहाटेचे अठ्ठावन्न ठोके

मित्रांनो, मी एक जुना मनगटी पट्टा आहे, नाडीचे ठोके मोजणारा. माझा मुक्काम कोथरूडला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. वेलदोड्याचा वास अजून येतो. हवा मात्र येत नाही.

दिगंबरपंतांना मी निवृत्तीच्या समारंभात मिळालो. तेव्हा काय माझं कौतुक! पण वस्तू वापरली की झिजते, हे पंतांचं ठाम मत. म्हणून रोज पहाटे पाचला, अंथरुणात पडल्यापडल्या, ते मला पाच मिनिटं बांधत. अठ्ठावन्न! आकडा कॅलेंडरवर चढे, मी डब्यात जाई आणि झाकण टक्कन बसे. मग पंत तडक टेकडीवर. मला नेत नसत; घामाने खराब झालो तर?

मित्रांनो, शरीरात एक घड्याळ असतं. पहाटे ते हृदयाला संथ ठेवतं, दिवस चढला की ठोके थोडे वाढवतं. त्यात चढावर हृदयावर किती ताण पडतो, ते वेगळंच. हे सगळं मला कळत होतं, पण सांगणार कसं? डब्याबाहेर पंतांची धाप तेवढी ऐकू येई.

"अहो, हल्ली जिन्यात दोनदा थांबता," मंदाकिनीकाकू म्हणत.

"अठ्ठावन्न आहेत, अठ्ठावन्न! बैलाचं काळीज आहे हे."

"बैलसुद्धा इतक्या धापा टाकत नाही."

एका दुपारी चारला पंत पलंगावर आडवे होते. काकूंनी डबा उघडला आणि मला त्यांच्या मनगटावर बांधलं. एकशे बारा!

"पट्टा बिघडलाय," पंत म्हणाले.

काकूंनी मला स्वतःच्या हाताला बांधलं. चौऱ्याहत्तर. "माझ्यापुरता बरा चालतो की! उठा, दवाखान्यात."

डॉक्टर शकीलांनी दिवसभराचा आलेख काढला. "पंत, रोज एकच सोपा प्रश्न विचारून हृदयाला पास करत होतात? दुपारी ठोके सैरभैर होतात. आता औषध सुरू, टेकडी बंद. पुढे चालायचं तेही उठल्याउठल्या नाही, तेव्हा हृदयावर एकदम ताण येतो. आणखी उशीर केला असता, तर अवघड होतं."

आता माझा बंद तुटलाय, पडदा विझलाय. झाकण बहुधा कायमचंच बसलं. पण रोज चारला बाहेरून आवाज येतो,

"अहो, हात द्या."

"किती आले?"

"मोजू तर द्या!"

मित्रांनो, आपल्या माणसाची विचारपूस फक्त आपल्या सोयीच्या वेळी करू नका. आणि मोजणाऱ्याला डब्यात ठेवू नका. काकूंची बोटं चुकत नाहीत. मी आतून त्यांच्याबरोबर मोजतो.