तिसऱ्या ओळीतली समाधी

निलंग्याच्या लिंगायत स्मशानभूमीत कोण कुठं बसलंय हे महांतेश गुरुजींना तोंडपाठ होतं. बसलंय म्हणायचं, कारण या समाजात मेलेल्याला आडवं करत नाहीत. मांडी घालून, डाव्या तळहातावर त्याचं जन्मभर अंगावर बाळगलेलं इष्टलिंग ठेवून पुरतात. गुरुजी शाळेची पोरं घेऊन यायचे. हा माणिकप्पा, रझाकारांच्या वेळी अर्धी गल्ली याच्या कडब्याच्या गंजीत लपली. ही शिवम्मा, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता बाळंत झाली आणि आठव्या दिवशी पुन्हा खडीवर गेली. पोरं आ वासून ऐकायची. तिसऱ्या ओळीत मात्र गुरुजींची घाई व्हायची. "हे आमचे वडील श्रीशैलप्पा. भूकंपात गेले. चला पुढं."

सगळ्यांचा इतिहास खरा सांगणाऱ्या या माणसानं बापाचा तेवढा खोटा सांगितला होता. भूकंप खरा होता, समाधी खोटी. बाप किल्लारीकडं बहिणीच्या गावी गेला आणि भूकंपात गाडला गेला. सव्वीस वर्षांचा महांतेश पोचला तोवर सापडलेली प्रेतं एकत्र जाळून झाली होती. घरात कधी कुणाला जाळलं नव्हतं. अव्वाला, आपल्या आईला, सांगायचं कुठल्या तोंडानं? आत्याच्या घराच्या ढिगाऱ्यात चांदीच्या डबीतलं एक इष्टलिंग सापडलं. ते बापाचंच धरून त्यानं डबीसकट धोतरात मातीबरोबर बांधलं, "तोंड बघण्यासारखं उरलं न्हाई, अव्वा," म्हणाला आणि गाठोडं पुरलं. तेव्हापासून अव्वा, म्हणजे पार्वतम्मा, दर सोमवारी तिथं बेल वाहत होत्या.

आता रस्ता रुंद होणार म्हणून तिसरी ओळ उकरून मागं न्यायची ठरली.

"ऊन लई हाय अव्वा, तू घरीच थांब," गुरुजींनी चारदा सांगून पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी ऐकेल तर शपथ. बेलाची पानं घेऊन ती खड्ड्याच्या काठावर येऊन बसली.

मजुरांनी उकरलं. हाड नाही, कवटी नाही. नुसती डबी निघाली. मजूर एकमेकांकडं बघायला लागले.

पार्वतम्मांनी डबी पदरानं पुसली. "ही त्यांची न्हाई. त्यांची तांब्याची व्हती. चांदी कुठली परवडायची आपल्याला?"

गुरुजींनी वाकून डबी पाहिली.

"मग ह्यो कोण रं?"

"ठाव न्हाई, अव्वा."

अर्ध्या निलंग्याचं मरण तोंडपाठ असलेल्या माणसाची लाजेनं मान वर होईना.

म्हातारीनं डबी विधीसाठी शेजारी उभ्या असलेल्या जंगम पुजाऱ्याच्या हातात दिली. "ह्याला नीट बसवा, अय्या. इतकी वर्सं माझा बेल घेतलाय, आता परका न्हाई ऱ्हायला. पाटी मातुर कोरी ठिवा." मग ती लेकाकडं वळली. "पोरांना समद्यांचं सांगत फिरतुस. आता मला सांग. माझा माणूस कुठं हाय?"

गुरुजी तिच्यासमोर मातीत बसले. "जाळलं, अव्वा. समद्यांच्या संगं."

पार्वतम्मा रडल्या नाहीत. ओंजळीतली पानं त्यांनी लेकापुढं धरली.

"मग ह्यो बेल कुठं वाहू, लेका?"