टिटवीभोवतीची फक्की

चूक माझीच. मशीनवाल्याच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही.

साइटवर आखणी मी करते. दोरी ताणायची, खुंट्या ठोकायच्या, चुन्याची फक्की मारायची. पांढरं दिसेल तिथे खोदायचं, हे अकरा वर्षं मीच सगळ्यांना ओरडून ओरडून शिकवलं. उन्हाळा लागला आणि टिटवीनं उघड्या खडीत चार अंडी घातली. जवळजवळ महिनाभर डबा खाताना मी तिच्याकडे बघायचे. नर भर दुपारी डबक्यात पोट भिजवून यायचा आणि गार अंगानं अंड्यांवर बसायचा. असा नवरा शोधून सापडणार नाही, हे माझं घरी ऐकवूनही झालं.

काल संध्याकाळी एका अंड्याला तडा दिसला. आज तिथे रोलर फिरणार होता. कुणी तुडवू नये म्हणून मी घाईघाईत घरट्याभोवती फक्कीचं रिंगण मारलं आणि निघाले. मुकादमाला सांगायचं राहून गेलं.

सकाळी आले तर आमचा मशीनवाला, पैलवान, त्याच रिंगणात दुसरी बकेट घालत होता.

"थांब! थांब मेल्या!"

त्यानं मशीन बंद केलं. "ताई, खूण तुम्हीच केलीत ना? गोल म्हणजे खांबाचा खड्डा."

त्याचं बरोबर होतं.

मी गुडघ्यांवर बसून खडी चाचपायला लागले. कडेला फुटकी कवचं पडली होती, म्हणजे पिल्लं बाहेर पडली होती. पण ती खडीच्याच रंगाची, आणि आई ओरडली की जागच्या जागी दबून बसतात. मी शोधत होते म्हणून टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, आणि ती ओरडत होती म्हणून मला एकही सापडत नव्हतं. हात टेकवायचीसुद्धा भीती वाटत होती.

मुकादम येऊन उभा राहिला. "निघाली टिटवी समुद्र आटवायला! ताई, पंधरा मिनिटं. मग खड्डा बुजवून रोलर."

मी मशीनच्या केबिनमध्ये पैलवानाशेजारी अंग चोरून बसले. माणसं दिसेनाशी झाल्यावर टिटवी खाली उतरली आणि हळू आवाजात बोलवायला लागली. एक खडा हलला. मग दुसरा. तिसरं धडपडत तिच्या पोटाखाली शिरलं.

"तीन," पैलवान म्हणाला.

चौथं आलं नाही. मी उतरून तिघांना हेल्मेटात घातलं, कुंपणाजवळ गवतात ठेवलं आणि परत येऊन बकेटनं काढलेल्या मातीचा ढीग दोन्ही हातांनी उपसला. देवा, एवढं एक हलू दे, म्हणत होते. नखं फाटली. काही सापडलं नाही.

टिटवी कुंपणाकडे जाईना. ढिगापाशी फेऱ्या मारत चौथ्याला हाका मारत होती. तिकडे ती तिघं उन्हात माना टाकायला लागली होती.

"ढीग खड्ड्यात लोट," मी पैलवानाला म्हणाले.

"ताई, आत जिवंत असलं तर?"

"ढीग दिसतोय तोवर ती इथून हलायची नाही. तीनही जातील."

त्याचा हात किल्लीवर तसाच राहिला. शेवटी मीच मशीनसमोर उभी राहिले आणि हातानं त्याला पुढे यायची खूण केली.