एका फ्लॅटला एकच नंबर

गुडगावातल्या त्या नव्याकोऱ्या सोसायटीच्या गेटवर सुरुची बॅग घेऊन उभी होती आणि गार्ड हरिदास तिला सोडायला तयार नव्हता. "मॅडम, साहब का ओके नहीं आया."

आता हसावं की रडावं! गेटपासचं सॉफ्टवेअर सुरुचीनंच केलेलं. चोऱ्यांच्या भीतीनं सोसायटीत नियमच होता: बॅग असो की टीव्ही, सामान बाहेर काढायचं तर घरमालकाच्या मोबाइलवर मेसेज जायचा, त्याचा होकार आला की पास. तिनं आधी एका फ्लॅटला दोन नंबरांची सोय ठेवली होती, नवऱ्याचा आणि बायकोचा. पण तिचा नवरा इंद्रजित सोसायटीचा सेक्रेटरी. तो म्हणाला, "घरात कर्ता एकच असतो ना यार? दुसरं फील्ड कशाला?" कमिटी हसली आणि या बाईनं मुकाट्यानं तो रकाना उडवला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

पुण्यात तिला नोकरी मिळाली होती. 'काही गरज नाही' म्हणून इंद्रजितनं विषय परस्पर मिटवला होता. आजची गाडी चुकली तर नोकरी हातची जाणार होती.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. "अगं, बॅग घेऊन कुठे? वर जा. संध्याकाळी बोलू."

"इंद्रजित, ओके कर."

"तुझंच तर सॉफ्टवेअर आहे. नियम म्हणजे नियम." त्यानं फोन ठेवला.

नंबर बदलावा तर पासवर्ड सेक्रेटरीकडे. हरिदास पुटपुटला, "नौकरी का सवाल है, मॅडम." अरे, तिचा तरी दुसरा कसला होता?

तिनं एकेक रकाना आठवून पाहिला. वस्तू, नग, फ्लॅट, मालक, मोबाइल. माणसासाठी तिनं काहीच ठेवलं नव्हतं. कुणाला वाटलं होतं लागेल म्हणून!

तिनं बॅग उघडली, सर्टिफिकेटांची फाइल काढून पर्समध्ये कोंबली आणि बॅग हरिदासच्या टेबलाला टेकवून ठेवली.

"ये ऊपर भिजवा देना."

"और आप?"

"मैं सामान नहीं हूँ, भैया."

हरिदासनं स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि गेट उघडलं. ऑटोत बसल्यावर मात्र तिला हुंदका आवरेना. आईनं दिलेल्या सगळ्या साड्या बॅगेतच राहिल्या होत्या.