फक्कीची रेघ

गल्लीचा रस्ता नवा होणार म्हटल्यावर सगळ्यांत जास्त हुरूप आला तो बेकरीवाल्या वहिनींना. अर्धांगवायूतून उठलेले त्यांचे यजमान आता कुठे वॉकर धरून चालू लागले होते. पण चालणार कुठे? फुटपाथ होता तो नावापुरता. दोन दारं ओलांडली की कुणाचं तरी सामान आडवं यायचं, आणि खाली उतरावं तर गाड्या अंगावर यायच्या. घरातल्या घरात येरझाऱ्या घालून माणूस पार वैतागला होता. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला न्हाव्याकडे आपलं आपण जाऊन दाढी करून यायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

महापालिकेच्या इंजिनिअर बाईंची रीत न्यारीच होती. त्यांनी रहिवाशांना पोतंभर पांढरी फक्की दिली आणि सांगितलं, की दुकानं कुठवर आणि चालायची पट्टी कुठून, याची रेघ तुम्हीच मारा. रविवारी तसं वापरून बघू, जमलं तरच खोदायला घेऊ. वहिनींनी स्वतः दोरी धरली आणि रेघ अगदी सरळ मारून घेतली.

पण रविवार उजाडेपर्यंत रेघेला पाय फुटले! हार्डवेअरवाल्या भाऊजींनी बादल्यांसाठी ती हळूच पुढे सरकवली. त्यांचं बघून शेजाऱ्यांनीही हात धुऊन घेतले. वहिनींनी सगळ्यांच्या नावानं बोटं मोडली. मग बेकरीची सिमेंटची पायरी रेघेबाहेर राहतेय हे दिसलं, तेव्हा त्यांनीही केकवर क्रीम फिरवावं तशी तिच्याभोवती सुबक गोल रेघ काढली. गिऱ्हाईक उभं कुठे राहणार, नाही का?

रविवारी इंजिनिअर बाई बघायला आल्या, आणि यजमान घरातून निघाले. बेकरी वाटेत मध्यावर होती. वॉकर येताना दिसला की जो तो ओशाळून आपलं सामान आत ओढायचा. भाऊजींनी तर बादल्यांची चळतच्या चळत उचलली. यजमान रुबाबात पुढे आले, आणि बायकोच्याच दारात अडले. पायरी काही उचलून आत नेता येत नव्हती.

वहिनी हात द्यायला धावल्या. यजमानांनी तो धरला नाही.

"अगं, रोज कोण हात देणार मला?"

वहिनींचा चेहरा उतरला. "एकच तर पायरी आहे हो," त्या इंजिनिअर बाईंकडे बघत पुटपुटल्या.

"वहिनी, गल्लीत प्रत्येकाची एकच पायरी आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "कुणाची सिमेंटची, कुणाची बादल्यांची. माणूस रस्त्यावर उतरतो तो या सगळ्यांमुळेच. मी उद्या कितीही पक्का फुटपाथ बांधीन. त्यावर चालू द्यायचं की नाही, ते तुमच्या हातात आहे."

वहिनींना मनापासून लाज वाटली. आठवडाभर त्या दुसऱ्यांना नावं ठेवत होत्या, आणि नवऱ्याची वाट त्यांनीच अडवली होती!

"भाऊजी, घण आणा. आत्ताच्या आत्ता!"

पहिला घाव त्यांनी स्वतः घातला, पुढचे भाऊजींनी. राडारोडा बाजूला होईपर्यंत यजमान तिथेच उभे राहिले. मग कुणाचाही हात न धरता पुढे गेले, आणि गुळगुळीत दाढी करून त्याच वाटेनं एकटे परत आले. वहिनी दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

मंडळी, रस्ता खराब आहे म्हणून ओरडायला आपण सगळे पुढे असतो. पण रस्ता सुधारायचा म्हणजे आधी आपण मागे सरायचं, आणि तेही शेजाऱ्याची वाट न बघता.