गाडीचा खोकला

परमेश्वर देवकाते चारशे सीसीची स्पोर्ट्स बाईक घेऊन वस्तीवर आला, तेव्हा ती त्याची स्वतःची आहे हे लोकांना पटायलाच दोन दिवस लागले. आष्टीपासून पाच किलोमीटरवर धनगरांची बारा घरांची वस्ती ती. दारोदार मेंढरांचे वाडे, आणि त्यात ही पुढे वाकलेली, मागची सीट आभाळाकडे उचललेली काळी-नारिंगी गाडी. चालू केली की वाड्यातली मेंढरं एका कोपऱ्यात गोळा व्हायची.

आष्टीत परमेश्वरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी तो उघडायचा, नवी तांब्याची तार भरायचा आणि परत पाण्यात सोडण्याजोग्या करून द्यायचा. चार वर्षं पैसे बाजूला टाकून त्याने पुण्यातल्या एका इंजिनिअरकडून ही वापरलेली गाडी घेतली होती. रस्त्यात जो भेटेल तो पहिला प्रश्न ॲव्हरेजचा विचारायचा. परमेश्वर पंचवीस सांगायचा, आणि विचारणारा त्याच्याकडे त्याच्या घरात कोणी आजारी असल्यासारखं बघायचा. त्याची त्याला लाज वाटत नव्हती. ही गाडी काय खाते हे माहीत असूनच त्याने ती आणली होती.

निदान त्याला तसं वाटत होतं. पहिल्याच वर्षी मागचा टायर गेला. साध्या गाडीचे चार टायर आले असते एवढ्या पैशात एक टायर आला. मग चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन्ही दातेरी चक्रं बदलायला आली. ऑइलही साधं चालत नव्हतं. ब्रेकचे पॅड, कूलंट, विमा, एकामागून एक येतच राहिलं. त्याची बायको अंजू घरीच शिवणकाम करायची आणि हिशोबाला पक्की होती. तिने आदळआपट केली नाही. एका दुपारी मशीन थांबवून तिने त्याला समोर बसवलं आणि हे दरवर्षी लागणार का, एवढंच विचारलं. तो हो म्हणाला.

"मग घरातल्या पैशाला हात न्हाई लावायचा," अंजू म्हणाली. "गाडीला जे लागंल ते गाडीसाठी जादा काम करून आणा. मला काय म्हणणं न्हाई."

तेव्हापासून रविवारीही दुकान उघडं राहू लागलं. रविवारची कमाई गाडीची, असं ठरलं. सहा दिवस घरासाठी आणि सातवा गाडीसाठी राबणारा माणूस आष्टीत दुसरा नसेल.

परमेश्वरची आई साखराबाई हिने मात्र या खर्चाबद्दल कधी कुरकुर केली नाही. तिचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. लग्नानंतर वीस वर्षं ती कळपाबरोबर चालली होती. आता वय साठीपुढे, आणि दारात पस्तीस मेंढरं. वस्तीवर कोणी म्हणालं, की एवढ्या पैशात अजून दहा मेंढरं आली असती, तर ती म्हणायची, मेंढरांना लस लागते, जंताचं औषध लागतं, पावसाळ्यात खूर कुजतात ते बघावे लागतात. त्याला तुम्ही खर्च म्हणता का? घरात जीव आणला की त्याचं करावं लागतं. गाडीला ती पहिल्या दिवसापासून जीवच समजत होती.

श्रावणातल्या एका सकाळी परमेश्वर निघायच्या तयारीत असताना ती वाड्यातून म्हणाली, "परमा, तुजी गाडी उठताना खोकती."

परमेश्वर हसला. हेल्मेटच्या आत त्याला तसा काही आवाज ऐकू आला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती गाडीपुढे येऊन उभी राहिली आणि त्याला हेल्मेट काढायला लावलं. गाडी रात्रभर उभी राहून गार झालेली होती. त्याने बटण दाबलं. पहिले चार-पाच श्वास घ्यावेत एवढाच वेळ इंजिनाच्या उजव्या अंगाने बारीक खडखड झाली, आणि मग सगळं नेहमीसारखं गोड चालू लागलं. आईने त्याच्याकडे बघितलं. परमेश्वरने घरातून लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला. त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून मोटारीचं बेअरिंग ऐकायची त्याची रोजची सवय होती. पण तोवर इंजिन तापलं होतं आणि आवाज गेला होता.

तो नगरला सर्व्हिस सेंटरला गेला. साठ किलोमीटर पळून इंजिन चांगलं गरम झालेलं. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली आणि सांगितलं, की या गाड्यांचा आवाज असाच असतो, ऑइल बदला आणि जा. परमेश्वर परत आला. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, की आजारी मेंढरू डॉक्टरापुढे नेलं की ते ताठ उभं राहतं. त्याला वाड्यात, सकाळच्या पारी बघायला लावावं. गाडी तिथेच एक रात्र ठेव आणि गार असताना त्यांना ऐकव.

हे सर्व्हिस सेंटरवाल्यांना सांगायचं कसं, या विचाराने त्याला संकोच वाटला. पण त्याने तसंच केलं. मंगळवारी गाडी तिथे सोडून एसटीने घरी आला, आणि बुधवारी पहिल्या एसटीने परत गेला. या वेळी त्याने थोरल्या मेकॅनिकला गाठलं. मोहनराव त्यांचं नाव, केस पांढरे झालेले, बोलणं कमी. परमेश्वरने त्यांच्यासमोर गार इंजिन चालू केलं. मोहनरावांनी हात वर केला आणि इंजिन बंद करायला लावलं.

"हे कुणी ऐकलं?"

"माज्या आईनं."

"आई गाड्यांचं काम करतात?"

"न्हाई. मेंढरं राखती."

मोहनरावांनी त्याला समजावून सांगितलं. इंजिनाच्या आत एक टायमिंग चेन असते आणि तिला ताणून धरणारा एक भाग असतो. तो भाग ढिला पडला होता. गाडी गार असताना चेन थोडा वेळ सैल राहते आणि आतल्या आत आपटते. अजून काही दिवस अशीच चालवली असती तर चेन दाता सोडून सरकली असती, आणि इंजिनाचा आतून भुगा झाला असता. मग गाडीच्या निम्म्या किमतीचं काम. आता मात्र तो भाग अडीच हजारांना होता. पण इंजिन वरून उघडणं, चेन तपासणं, वॉल्व्ह बघणं आणि मजुरी धरून चौदा हजारांचा अंदाज निघाला.

पावसाळ्यात मोटारी फारशा चालत नाहीत, म्हणून जळतही नाहीत, आणि दुकानात काम कमी. गेल्या पाच रविवारांचे मिळून परमेश्वरकडे चार हजार होते. अंजूकडे मागितले असते तर तिने दिले असते, हे त्याला माहीत होतं. म्हणूनच त्याला मागायचे नव्हते. त्याने मोहनरावांना विनवलं, की मला नुसता भाग द्या, मी बसवतो. मोहनरावांनी आधी नको म्हटलं. मग त्याच्या हातांकडे बघितलं, तारेने चिरलेल्या बोटांकडे, आणि तो काय काम करतो ते विचारलं. शेवटी एका कागदावर त्यांनी सगळं लिहून दिलं. कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा, कोणत्या खुणा समोरासमोर यायला हव्यात, आणि खूण एका दात्यानेही चुकली तर बटण दाबायचं नाही. खाली स्वतःचा फोन नंबर टाकला. नगरला कांदा टाकून रिकाम्या परतणाऱ्या एका पिकअपमधून गाडी आष्टीला आली.

परमेश्वरच्या दुकानाला लागून आसारामचं गॅरेज होतं. आसारामने चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनं उघडली होती, पण या गाडीला तो लांबूनच नमस्कार करायचा. मी हात लावणार नाही, नुसता बघत बसतो, असं म्हणून तो शनिवारी सकाळी आला आणि तासाभरात त्याच्या बाह्या वर सरकल्या. अंजूही आली. कपडे बेतायचा मोठा खाकी कागद तिने फरशीवर अंथरला, त्यावर पेन्सिलने इंजिनाचं चित्र काढलं, आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी कागदात टोचून ठेवला. आसाराम म्हणाला, की एवढ्या वर्षांत प्रत्येक इंजिन जोडल्यावर माझ्याकडे दोन बोल्ट उरलेत, ही बाई मला आधी भेटायला हवी होती.

झाकण उघडलं तेव्हा आत सगळं सोनेरी ऑइलने माखलेलं, स्वच्छ होतं. महागाचं ऑइल वेळेवर बदलल्याची ती खूण, असं आसाराम म्हणाला, आणि परमेश्वरला त्या एका वाक्याने सगळ्या रविवारांचा शीण उतरल्यासारखं वाटलं. वॉल्व्हचं अंतर बरोबर होतं. चेन चांगली होती. जुना भाग निघाला, नवा बसला. खुणा जुळल्या का हे तिघांनी वेगवेगळं बघितलं. परमेश्वरने त्यांचा फोटो काढून मोहनरावांना पाठवला आणि पलीकडून 'बरोबर' असा एकच शब्द येईपर्यंत त्याने पान्याला हात लावला नाही. बोल्ट ठरल्या जोराने आवळायचा खास पाना त्याने एका ट्रॅक्टरवाल्याकडून मागून आणला होता. रविवारी दुपारी गाडी चालू झाली आणि छान चालली.

पण तो खोकला गाडी पळून आल्यावर रात्रभर गार झाली की यायचा. खरं काय ते सोमवारी सकाळीच कळणार होतं.

सोमवारी साखराबाईने मेंढरं वाड्यातच ठेवली. आसाराम पाच किलोमीटर सायकल मारून आला होता. परमेश्वरने बटण दाबलं. साखराबाई जमिनीकडे बघत उभी होती. इंजिन तापेपर्यंत ती हलली नाही. मग ती वाड्याकडे गेली, फाटकाची दोरी सोडली आणि मेंढरं बाहेर पडत असताना तिने मागे वळून सांगितलं, "बरी हाय आता."

अंजूने चहा ठेवला. परमेश्वरला मात्र चहा घ्यायलाही सुचेना. तो गाडीभोवती फिरत राहिला. आजवर ती त्याने विकत घेतलेली गाडी होती. आता तिच्या आत काय आहे ते त्याने हाताने बघितलं होतं.

ही गोष्ट मोहनरावांनी नगरमध्ये सांगितली असावी. दिवाळीच्या सुमाराला तिकडच्या अकरा जणांचा एक गट तसल्याच गाड्यांवर वस्तीवर आला. परमेश्वरने इंजिन घरी कसं उघडलं ते त्यांना बघायचं होतं. अंजूने बोल्टांची भोकं पडलेला तो कागद दाखवला. त्याचे सगळ्यांनी फोटो काढले. त्यांतल्या एकाने वर्षाचा खर्च विचारला. परमेश्वरने पेट्रोल सोडून पस्तीस हजार सांगितले, टायरच्या वर्षी जास्त, आणि ते कुठे कुठे जातात तेही सांगितलं. अकरा जणांपैकी निम्म्यांना आपल्या गाडीवर काय जातं ते सांगता आलं नाही. एकाला मात्र त्याच्या गाडीचा आवाज साखराबाईला ऐकवायचा होता. तिने सांगितलं, की तापलेली गाडी मी ऐकत नाही, मुक्काम कर. तो खरंच राहिला. सकाळी तिने ऐकलं, काही नाही म्हणाली, आणि तो एवढा खूश होऊन गेला की त्याचं जॅकेट खाटेवरच राहिलं.

त्यानंतर परमेश्वरच्या दुकानात अशा गाड्या येऊ लागल्या. बीडहून आल्या, कड्याहून आल्या, एक तर अंबाजोगाईहून आली. आसाराम आणि तो मिळून त्या बघतात. अंजू म्हणते, आता गाडी आपलं आपण कमावते. तरी रविवारचा नेम त्याने मोडला नाही.

माघात साखराबाईला माहेरी जायचं होतं, पाटोद्याकडे, भाऊ तानाजीकडे. परमेश्वर जीप सांगतो म्हणाला. ती नको म्हणाली. त्या उंच सीटवर तिला बसवायला परमेश्वर, अंजू आणि एक पाण्याचा ड्रम लागला. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून, डोक्यावर अंजूचं हेल्मेट घालून ती बसली, आणि अख्खी वाट परमेश्वरच्या पाठीला धरून राहिली. तो हळू चालवत होता. घाटात तिने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडून म्हणाली, की ही एवढ्यासाठी आणलीय का, पळव की जरा.

तानाजीच्या दारात गाव जमला. तानाजीने किंमत विचारली, तर तिने किंमत सांगितलीच नाही. तिने सांगायला घेतलं, की हिचा मागचा टायर किती दिवसांनी बदलावा लागतो, चेनला कितव्या किलोमीटरला तेल लागतं, आणि सकाळी उठल्यावर ही कशी वाजली पाहिजे. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली भावजय वाट बघत उभी राहिली.

"लई करावं लागतं हिचं," साखराबाई म्हणाली. तिचं हेल्मेट अजून डोक्यावरच होतं. "पन आमी करतो."