विमलाबाईंच्या नावापुढचे शून्य

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझी पहिली वर्षे तिरोडीतल्या एका कचेरीत गेली. तिथे माझ्यावर पत्रे टाइप होत आणि दुपारी लोक माझ्या डोक्यावर जेवणाचा डबा ठेवत. पुढे कचेरीत नवे संगणक आले. तेव्हा कचेरीत काम करणाऱ्या वसंताभाऊंनी मला गोधडीत गुंडाळले आणि बसने खैरलांजीकडच्या आपल्या गावी आणले. त्यांची मुलगी रचना बालाघाटच्या कॉलेजात संगणक शिकत होती. तिने जुन्या ओढणीने माझी धूळ पुसली. इतक्या हलक्या हाताने मला आधी कुणी पुसले नव्हते.

गावात चौदा बायकांचा एक गट होता. रोवणीच्या दिवसांत त्या मिळून आज एकीच्या शेतातल्या बांधीत, उद्या दुसरीच्या बांधीत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, लावत. कुणाची बारी कधी, हे गटातल्या वडीलधाऱ्या आनंदीआजींच्या ओट्यावर ठरे. त्यावरून रोज कुरबुरी होत, एखादी रुसून उठून जाई. रचनाला वाटले, हे सारे मोबाइलवर ठरले तर बायकांचा त्रास वाचेल.

ती तीन बैठकांना वही घेऊन बसली. जी बाई आपली बारी मागे, तिच्या नावापुढे ती खूण करी. मग घरी येऊन तिने ते माझ्यात भरले. तेरा नावांपुढे खुणा होत्या. विमलाबाईंच्या नावापुढे शून्य होते. ते शून्य कितीतरी दिवस माझ्या पडद्यावर होते. मला ते दिसत होते. पण माझ्यात जे भरले तेवढेच मी दाखवतो. हे असे का, असे विचारणे मला कुणी शिकवले नव्हते.

पुढच्या वर्षी रचनाचे काम तयार झाले. प्रत्येकीने आपल्या मोबाइलवर 'माझी रोवणी' हे बटण दाबायचे. मग कुणाचे पऱ्हे किती दिवसांचे झाले ते पाहून मी बाऱ्या लावी आणि काम लवकर उरकावे म्हणून बायकांच्या दोन टोळ्या करी. त्या वर्षी एकही भांडण झाले नाही. संध्याकाळी ओट्यावर कुणी जमेनासे झाले. आनंदीआजी हसून म्हणाल्या की या पोरीने माझे राज्य घेतले. बायका रचनाचे कौतुक करत आणि तिच्याबरोबर माझेही. मी फार फुशारलो होतो.

तेरावी रोवणी झाली आणि माझ्या पडद्यावर हिरवी खूण आली. सगळ्या रोवण्या पूर्ण. रचनाने आनंदाने टाळी वाजवली.

तिसऱ्या दिवशी आनंदीआजी खोलीत आल्या. त्या बसल्या नाहीत.

"रचना, विमलेच्या बांधीत पऱ्हे तसेच उभे हायेत."

रचनाने माझ्यावर यादी उघडली. "पण मावशीनं मागितलंच नाही, आजी."

"तिनं कधी मागितलं होतं? आपलं आपल्या तोंडानं मागाची लाजच वाटते तिले. दर साली मीच म्हणत होती, विमलेचं परवा धरा. औंदा म्हटलं, आता मशीन विचारते."

रचनाने वही काढली. आजींचे ते वाक्य तिन्ही बैठकांत होते. तिने ते आजींचे बोलणे म्हणून लिहिले होते, विमलाबाईंच्या नावापुढे खूण केली नव्हती.

दोन्ही टोळ्यांना वाटले होते की विमलाबाईंची रोवणी दुसऱ्या टोळीने केली. विमलाबाई आपल्या टोळीत एकही दिवस चुकल्या नव्हत्या. रचना त्यांना घरी घेऊन आली. त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

"मी रोज मोबाइल उघडून पाहत होती, बाई. माझं नाव येईन म्हणून वाट पाहून राह्यली होती."

"बटण दाबायचं होतं ना, मावशी."

"दाबलं असतं तर मीच मागितल्यासारखं झालं असतं न."

दुसऱ्या दिवशी चौदाही जणी त्यांच्या बांधीत उतरल्या. पण पऱ्हे जास्त दिवसांचे होऊन त्यांना गाठी आल्या होत्या. लोंब्या आल्या, त्यांत दाणा भरला नाही. हिवाळ्यात विमलाबाई नागपूरला बहिणीकडे कामाला गेल्या. त्यांच्या दाराला अजून कुलूप आहे.

रचनाने एक नवे बटण केले: 'दुसरीसाठी सांगा'. सगळ्यात जास्त तेच दाबले जाते. संध्याकाळी बायका पुन्हा ओट्यावर बसू लागल्या आहेत.

मित्रांनो, आता माझा पंखा घरघरतो आणि मला सुरू व्हायला फार वेळ लागतो. लवकरच मला भंगारात देतील. द्यावे, पण त्याआधी माझ्यातली यादी उतरवून घ्यावी, एवढेच माझे मागणे आहे. आणि तुम्ही पुढे मोठे होऊन दहा जणांसाठी काही घडवाल, तेव्हा बोलणाऱ्यांचे लिहून झाले की लगेच वही मिटू नका. जो काहीच बोलला नाही, त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.

रोवणी आली की रचना माझ्यासमोर बसते, ते नवे बटण दाबते आणि विमलाबाईंचे नाव निवडते. मी त्यांच्या मोबाइलवर निरोप धाडतो आणि पडद्यावर लिहितो, उत्तराची वाट पाहत आहे.